खोक्याची मागची बाजू कशी वाचावी

दादरच्या एखाद्या केमिस्टकडे चेहऱ्याचे क्रीम मागितले, की काउंटरवर तीनचार खोकी मांडली जातात आणि त्यांच्या दर्शनी बाजूवर केशराच्या काड्या, हळकुंडे, अर्धा चिरलेला संत्रा असे काहीबाही छापलेले असते. ही बाजू जाहिरातीची असते. निर्णय घ्यायचा तो खोके उलटे करून, ‘इन्ग्रेडिएंट्स’ या शब्दापुढे बारीक टाइपात दिलेली यादी वाचूनच. तो टाइप साध्या डोळ्यांनी वाचणे अवघड असते, म्हणून मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा आणि खोके फेकून देण्यापूर्वी तो फोटो जपून ठेवावा, कारण आतल्या ट्यूबवर पूर्ण यादी असतेच असे नाही.

आपल्याकडे ही यादी सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे छापली जाते. उत्पादनात १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर, पण कोणत्याही क्रमाने दिले तरी चालतात. सगळी मेख या दुसऱ्या सवलतीत आहे, कारण यादीत ही १ टक्क्याची सीमा कोठे आहे हे छापलेले नसते. ती आपणच शोधायची असते.

त्यासाठी एक खूण उपयोगी पडते. फेनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे उत्पादनात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेले द्रव्य, अनेक क्रीममध्ये असते आणि ते १ टक्क्याहून अधिक वापरण्यास परवानगी नाही. म्हणून यादीत त्याच्या नंतर आलेली प्रत्येक गोष्ट १ टक्क्यापेक्षा जास्त असू शकत नाही. समजा एका क्रीमची यादी अशी आहे: पाणी (ते बहुधा ‘अ‍ॅक्वा’ या नावाने असते), ग्लिसरीन, सेटिअरिल अल्कोहोल, नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चा एक प्रकार), डायमेथिकोन (त्वचेवर मऊ थर देणारे सिलिकोन), फेनॉक्सिइथेनॉल, सुगंध, केशराचा अर्क, हळदीचा अर्क. खोक्यावरचे केशर फेनॉक्सिइथेनॉलच्या मागे उभे आहे, म्हणजे ते नावापुरतेच असण्याची शक्यता मोठी. त्वचेवर खरे काम करणार ते ग्लिसरीन, नायसिनामाइड आणि डायमेथिकोन, आणि हेच त्रिकूट शेजारच्या निम्म्या किमतीच्या ट्यूबमध्येही याच क्रमाने आढळले, तर केशराच्या चित्रासाठी जास्तीचे पैसे मोजायचे का, हे आपण ठरवावे.

मात्र सीमेखाली असलेले सगळेच घटक शोभेचे असतात असे मानणेही चुकीचे ठरेल. रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार) किंवा ओलावा धरून ठेवणारे सोडियम हायल्युरोनेट १ टक्क्याहून कमी प्रमाणातही परिणाम करतात, त्यामुळे ते यादीच्या तळाशी दिसले म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. उलट नायसिनामाइडचे साधारण २ ते ५ टक्के प्रमाण बहुतेकांना पुरते. खोक्यावर १० टक्के लिहिले असले तर ते दुप्पट गुणकारी असतेच असे नाही, पण नाजूक त्वचेची आग होण्याची शक्यता मात्र वाढते. मुरुमांसाठी दुकानात सहज मिळणाऱ्या उत्पादनांत सॅलिसिलिक अ‍ॅसिड सामान्यतः ०.५ ते २ टक्के असते. रेटिनॉल गरोदरपणात टाळावे, आणि त्वचेचा वरचा मृत थर काढणारे ग्लायकोलिक अ‍ॅसिड लावायचे ठरवले तर दिवसा सनस्क्रीन लावण्यावाचून पर्याय नाही.

दोन मॉइश्चरायझर तुलनेला घेताना नावे पाठ करण्यापेक्षा घटकांचे काम ओळखावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, सेटिल अल्कोहोलसारखे स्निग्ध घटक त्वचा मऊ करतात, तर पेट्रोलेटम वरून थर धरून पाणी उडू देत नाही. मे महिन्याच्या मुंबईत, जिथे लोकलमधून उतरेपर्यंत सदरा पाठीला चिकटतो, यादीच्या आरंभीच पेट्रोलेटम असलेले जाड क्रीम चेहऱ्यावर बहुतेकांना नकोसे होते. दिवसभर एसी कार्यालयात बसणाऱ्या कोरड्या त्वचेच्या माणसाला मात्र तेच रात्री सुखावते. येथे अल्कोहोल या शब्दाने घाबरून जाऊ नये: सेटिल आणि सेटिअरिल अल्कोहोल मेणासारखे व सौम्य असतात, त्वचा कोरडी करणारे ते ‘अल्कोहोल डिनॅट’, आणि तेही यादीच्या वरच्या भागात असले तर. ‘परफम’ किंवा ‘फ्रेगरन्स’ या एकाच शब्दामागे मात्र अनेक द्रव्ये दडलेली असू शकतात, म्हणून ज्यांना पुरळ येते त्यांनी आधी हा शब्द शोधावा.

यादी जुळली, की भाव काढावा, आणि तो डबीचा नव्हे, प्रति मिलिलिटर. ३० मिलिलिटरची बाटली ६०० रुपयांना म्हणजे मिलिलिटरला २० रुपये, आणि १०० मिलिलिटरची ट्यूब ५०० रुपयांना म्हणजे ५ रुपये. यादीतून न कळणाऱ्या गोष्टीही असतात, हे येथे मान्य करायला हवे. व्हिटॅमिन सीचे सीरम पारदर्शक बाटलीत असेल तर प्रकाशाने लवकर खराब होते, आणि ते गडद तपकिरी झाले असेल तर यादी कितीही उत्तम असली तरी ते घेण्यात अर्थ नाही.

साबणाचे गणित सोपे आहे: वेष्टनावरचा टीएफएमचा (टोटल फॅटी मॅटर, म्हणजे साबणातील एकूण स्निग्धांशाचा) आकडा पाहावा. पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणात तो किमान ७६ टक्के असतो. ‘बेदिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीत तो याहून बराच कमी असू शकतो.

लोकलच्या महिला डब्यात किंवा फुटपाथवर मिळणाऱ्या, घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक यांपैकी काहीच नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमबाबत तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही. (६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रवाच्या आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान घट्ट उत्पादनाच्या पॅकवर यादी देण्याची सक्ती नाही, पण पत्ता आणि परवाना क्रमांक वगळता येत नाही.) अशा क्रीममध्ये पारा असू शकतो आणि पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात. केमिस्टकडून आणलेल्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून ते चेहऱ्यावर लावू नये. त्वचा पातळ होणे, केस उगवणे आणि क्रीम थांबवताच चेहरा लाल होऊन पेटणे, हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत.

निवड झाल्यावर नवे उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूस एकाच जागी सात ते दहा दिवस, दिवसातून दोनदा लावून पाहावे आणि एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी. त्रास झालाच, तर जपून ठेवलेला तो फोटो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. पूर्वी न सोसलेल्या एखाद्या क्रीमची यादीही जवळ असेल, तर दोन्ही फोटो कागदावर छापून, शेजारी ठेवून सामाईक नावांखाली पेन्सिलीने रेघ मारून न्यावी, म्हणजे डॉक्टरांचा शोध तेथूनच सुरू होतो.