लॅपटॉप उघडण्याआधीचा एक तास

२०२० च्या ऑगस्टमध्ये बी.एस्सी.चं दुसरं वर्ष ऑनलाइन सुरू झालं, तेव्हा मिरजेच्या घरात माझा लॅपटॉप चालू व्हायला चार-साडेचार मिनिटं लागायची. सर हजेरी घेऊन मोकळे व्हायचे आणि माझ्या पडद्यावर अजून चक्र फिरत असायचं. बाबांनी वर्षभरापूर्वी हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप होता. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. प्रोसेसर चांगला होता, पण रॅम आणि डिस्क त्याला पुरे पडत नव्हत्या. हप्ते फिटायचे होते, त्यामुळे नव्याचा विषयच नव्हता. शेवटी मी तो स्वतःच उघडायचं ठरवलं.

आता मी पुण्यात डेस्कटॉप सपोर्टचं काम करते. आठवड्याला पाच-सहा लॅपटॉप हाताखालून जातात. नवीन मुलंमुली येतात ती आल्याआल्या स्क्रूड्रायव्हर मागतात. मी त्यांना आधी तासभर खुर्चीत बसवते, लॅपटॉप चालू ठेवून, वही-पेन घेऊन. माझ्या हातून जे जे बिघडलं ते सगळं हा तास चुकवल्यामुळे बिघडलं, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

सगळ्यात आधी बघायचं ते मशीन नेमकं कुठे अडतंय. नेहमीचं काम चालू असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. काही विशेष न करता डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली असेल आणि मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर पैसे एसएसडीवर, म्हणजे चिपांवर चालणाऱ्या डिस्कवर, घाला. ब्राउझरच्या आठ-दहा टॅब उघडल्यावर मेमरी नव्वदीच्या पुढे जात असेल, तर रॅमवर. दोन्ही होत असेल आणि पैसे एकाचेच असतील, तर माझं मत एसएसडीच्या बाजूने. त्याचं कारण समजून घ्या. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली येईपर्यंत थांबायचं, त्याआधी सुई तिथवर सरकवायची, असं करत एका छोट्या फाइलला दहा-पंधरा मिलिसेकंद सहज जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहूनही लवकर होतं.

मग रॅम बदलता येते का ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारली की खाली ‘फॉर्म फॅक्टर’ दिसतो. तिथे ‘सोडिम’ असेल तर रॅम काढता-घालता येणारी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली आहे. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये हल्ली बहुतेक वेळा हेच असतं, आणि एलपीडीडीआर या कमी वीज खाणाऱ्या जातीची रॅम जवळपास नेहमीच अशी असते. ‘स्लॉट्स यूज्ड’च्या आकड्यावर मात्र पूर्ण विसंबू नका, कारण डाग दिलेली रॅमसुद्धा तिथे एक स्लॉट म्हणून मोजली जाते. माझ्या मशीनमध्ये ४ जीबी बोर्डवर पक्की होती आणि शेजारी एक स्लॉट रिकामा होता. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पिना वेगळ्या, मधली खाच वेगळ्या जागी. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना असतात, डीडीआर५ला २६२. जुन्या मशीनमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांतला फरकही बघा. पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर, आणि बरेच लॅपटॉप फक्त कमी व्होल्टेजचीच घेतात.

इथे माझी पहिली चूक सांगते. मदरबोर्डवर एम.२ एसएसडीसाठी जागा आहे एवढं मी कुठेतरी वाचलं आणि घाईत एनव्हीएमई एसएसडी मागवली (साटा आणि एनव्हीएमई या एसएसडीने मशीनशी बोलायच्या दोन पद्धती). आली, खाचेत अगदी नीट बसली, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, काही केल्या दिसेना. दोन दिवस मी ती काढून घालून बघत होते. शेवटी सांगली रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान असलेल्या बाबांच्या मित्रांना फोन केला. काकांनी एकच विचारलं, “अगं, तुझ्या त्या स्लॉटला साटा चालतं की एनव्हीएमई, हे कंपनीच्या मॅन्युअलात बघितलंस का?” असं काही मॅन्युअल असतं हेच मला माहीत नव्हतं. माझा स्लॉट फक्त साटा एसएसडी घेणारा निघाला. ती परत करून दुसरी येईपर्यंत नऊ दिवस गेले.

एम.२ हे नुसतं आकाराचं नाव आहे. त्यापुढे लिहिलेला २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्या आकारातून आत साटा बोलतंय की एनव्हीएमई, हे बाहेरून कळत नाही. साटावाल्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक, पण माझ्यासारखी पट्टी बसते आणि चालत नाही असं होऊ शकतं. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घालून शोधायचं, नुसतं सीरिजचं नाव पुरत नाही. त्यात कोणता स्क्रू कुठला, झाकण कोणत्या बाजूने उचलायचं, रॅम किती चालते, सगळं चित्रांसकट असतं. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

वेगाच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत. पण हार्ड डिस्कवरून साटावर येताना जो फरक जाणवतो, तो साटावरून एनव्हीएमईवर जाताना रोजच्या कामात जाणवत नाही. माझा लॅपटॉप साटावर अठरा-वीस सेकंदांत सुरू व्हायला लागला, आणि मला त्याहून जास्त काही नको होतं.

या तासातलं शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. बॅकअप घ्या, आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोजची होम आवृत्ती असली तरी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. एका शिक्षिकेचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता, मदरबोर्ड गेलेला. डेटा काढायला मी त्यातली एसएसडी दुसऱ्या मशीनला लावली, तर समोर निळा पडदा आणि ४८ अंकी रिकव्हरी कीची मागणी. आत दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि मुलीच्या लग्नाचे फोटो होते. बाईंच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात की नव्हतीच. दोन दिवसांनी बोलता बोलता कळलं, की लॅपटॉप आणला तेव्हा मुलाने स्वतःच्या खात्यातून सुरू करून दिला होता. की त्याच्या खात्यात सापडली. त्या दिवशी ते ४८ अंक मिळेपर्यंत बाई माझ्या टेबलाजवळून हलल्या नव्हत्या. तेव्हापासून कुणाचाही लॅपटॉप हातात घेतला की मी आधी ती की शोधून कागदावर उतरवून घेते.

आता उघडायचं. विंडोज साधं ‘शट डाउन’ केल्यावर बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर सुरू होता यावं म्हणून काही भाग डिस्कवर जपून ठेवते. म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. चार्जर काढा. गालिच्यावर किंवा गादीवर बसू नका, लोकरी स्वेटर घालू नका, आणि आत हात घालण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावा. हे कंटाळवाणं वाटतं, पण स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो वरच्या बाजूला, जिथे आपण मनगट टेकतो तिथे, फुगवटा आणतो. माझ्या लॅपटॉपवर डाव्या बाजूला तो टेंगूळ अजून हाताला लागतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. झाकण उचलायला लोखंडी पातं नको, प्लास्टिकची पट्टी घ्या. जुनं एटीएम कार्डही चालतं. ते कडेने सरकवत गेलं की आतले खटके एकेक करून ‘टक्, टक्’ सुटत जातात. पहिल्यांदा प्रत्येक आवाजाला काहीतरी तुटलं असंच वाटतं.

झाकण निघाल्यावर पहिला हात बॅटरीच्या जोडणीला. ती सोडवायची, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून उरलीसुरली वीज काढून टाकायची. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. तिला टोचू-दाबू नका, कचऱ्यात टाकू नका, दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

रॅमची पट्टी कडेने धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. खाच जुळवून साधारण तीस अंशांच्या तिरकस कोनात ती आत सरकवायची. दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. अर्धे दिसत असतील तर ती अजून बसलेली नाही. मग वरून हलकेच दाबायचं, दोन्ही बाजूंच्या पोलादी कड्या आपोआप बाजूला होतात आणि खट्कन तिला पकडतात. एम.२ एसएसडीही अशीच तिरकी जाते, पण तिला कड्या नसतात. सोडली की ती वर उचलली जाते आणि टोकाला एका इवल्याशा स्क्रूने दाबून बसवावी लागते. तो स्क्रू पुष्कळदा एसएसडीबरोबर येत नाही, रिकाम्या स्लॉटजवळही नसतो. मला काकांनी एका जुन्या बोर्डावरचा काढून दिला.

ज्या मशीनमध्ये कीबोर्ड वरून काढावा लागतो, तिथे कागदासारख्या पातळ केबली भेटतात. त्या ओढून काढायच्या नसतात. जोडणीवर नखाएवढी काळी पट्टी असते, ती नखाने उभी केली की केबल आपोआप मोकळी होते. काकांच्या दुकानात शिकायला जात होते तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या मशीनमधली अशी पट्टी मोडली. काकांनी पिवळी उष्णतारोधक टेप घडी करून केबल तिथे घट्ट बसवली, आणि काय मोडलं होतं, कसं बसवलं, हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मजुरी घेतली नाही. चूक स्वतःहून सांगायची ही पद्धत मी दुकानात बघितली आणि ती आजवर सोडलेली नाही.

सगळं लावून पहिल्यांदा बटण दाबलं की पडदा काळाच राहू शकतो. नवी रॅम ओळखायला मशीनला वेळ लागतो, विशेषतः डीडीआर५ असेल तर. एक-दोन मिनिटं हात न लावता थांबा. नाहीच आलं तर बंद करून, बॅटरी सोडवून, पट्टी पुन्हा बसवा. दहातल्या आठ वेळा ती नीट बसलेली नसते. चालू झाल्यावर बायोसमध्ये रॅम आणि एसएसडी दोन्ही दिसतात ना ते बघा आणि मगच झाकण लावा. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवून ठेवलं तर उत्तम.

विंडोज नव्याने टाकलेली बरी. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकल्यावर इंटरनेट मिळताच ती आपोआप सक्रिय होते. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनमध्ये इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही असं खूपदा होतं. एसएसडी खराब आहे असं समजू नका. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारा प्रोग्राम) घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तिथेच लोड करा. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीची जवळजवळ सगळी मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशीनमध्ये एसएसडी आणि ८ जीबी रॅम घालून मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकते. धाकट्या भावाचा सहाव्या पिढीचा लॅपटॉप त्याच्यावरच चालतो.

खरेदीबद्दल थोडंसं. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन घ्या, पण जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी मागताना तोच लागतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, तेव्हापासून मी लोकांना जुनी रॅम घ्यायला सांगते, मेमटेस्ट करून. जुनी एसएसडी मात्र क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तब्येत बघितल्याशिवाय घेऊ नका.

हे काम पोटापाण्यासाठी शिकायचं असेल तर स्वतःच्या चालू लॅपटॉपवर सुरुवात करू नका. भंगारवाल्याकडून एखादा मेलेला लॅपटॉप आणा आणि तो दहा वेळा पूर्ण उघडून बंद करा, स्क्रूंच्या कागदासकट. सोबत वही ठेवा. प्रत्येक मशीनला एक पान, त्यात मॉडेल, रॅमची जात, कुठले स्लॉट रिकामे, झाकण कोणत्या बाजूने निघालं. माझ्या नोकरीच्या मुलाखतीत टेबलावर एक लॅपटॉप ठेवून विचारलं होतं, “एसएसडी बदलायची आहे, सुरुवात कुठून करशील?” मी विचारलं, “हा कुणाचा आहे, आणि त्यांनी बॅकअप घेतलाय का?” त्यांनी लॅपटॉप बाजूला सरकवला आणि पुढचा प्रश्न पगाराचा होता.