कोर्सच्या फीआधी मधल्या महिन्यांचे पैसे: घर चालवत कॉम्प्युटरच्या कामाकडे वळणाऱ्यांसाठी तयारीची यादी

लॅपटॉप, इंटरनेट, बसायला जागा हे कुणीही सांगेल, त्यासाठी यादी लागत नाही. यादी लागते ती शिकणं संपल्यापासून नव्या नोकरीचा पहिला पगार खात्यात पडेपर्यंतच्या महिन्यांसाठी. फीचा हिशेब सगळे करतात. या मधल्या महिन्यांचा हिशेब मात्र राहून जातो, आणि घर नेमकं तिथे अडकतं. अभ्यास झालेला असतो, अर्ज गेलेले असतात, पण हप्ता थकायला लागतो आणि माणूस मिळेल ते जुन्याच क्षेत्रातलं काम धरतो. म्हणून आधी मधल्या महिन्यांचे पैसे, मग फी. हा क्रम उलटा करू नका.

आकडेमोड कागदावर करा, मनात नको. महिन्याचा घरखर्च १०० धरा. त्यात भाडं, हप्ते, शाळा, औषधं तर येतातच, शिवाय वर्षातून एकदा येणारे विम्याचे आणि दुरुस्तीचे खर्चही बाराने भागून धरा. ते सोडले की आकडा खोटा होतो. घरात दुसऱ्या कुणाचं उत्पन्न ४० असेल, तर तुमचा पगार थांबल्यावर महिन्याला ६० ची तूट. नोकरी सोडून शोध घेणार असाल तर शोधाला निदान सहा महिने धरा: ३६०. नोकरी लागली तरी पहिला पगार महिना भरल्यावरच येणार: आणखी ६०. नवं पद सुरुवातीचं असतं, पगार आधीपेक्षा कमी असू शकतो; घरात येणारी एकूण रक्कम ८५ वर आली तर पहिल्या वर्षात १५ गुणिले १२, म्हणजे १८०. बेरीज ६००. सहा महिन्यांचा अख्खा घरखर्च बाजूला हवा.

आहे ती नोकरी धरून शोध घेतलात तर हाच आकडा निम्म्यावर येतो, पण शून्यावर येत नाही. जुन्या ठिकाणचा शेवटचा पगार अंतिम हिशेबात अडकतो. नव्या ठिकाणी महिन्याच्या उत्तरार्धात रुजू झालात आणि त्या महिन्याची पगाराची यादी आधीच बंद झाली असेल, तर पैसे पुढच्या महिन्यात. दोन महिन्यांची तूट १२०, कमी पगाराचे १८०, मिळून ३००. मागे कुटुंब असेल तर हाच रस्ता धरा. राजीनामा देऊन पूर्णवेळ शिकण्याचा सल्ला एकट्या माणसासाठी ठीक आहे, शाळेची फी भरणाऱ्यासाठी नाही.

हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, त्या खात्याचं कार्ड पाकिटात नको. लॅपटॉप यातून घ्यायचा नाही, फी यातून भरायची नाही. ‘नोकरी लागली की भरून काढू’ हे वाक्य घरात कुणीही बोललं तरी खात्याला हात लावायचा नाही. कंपनीचा आरोग्यविमा साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो आणि नवा रुजू झाल्यावर सुरू होतो, म्हणून कुटुंबाची स्वतःची पॉलिसी आधीच घ्या. अनेक आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. ऐन वेळी घेतलेली पॉलिसी ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

आता वेळ. आठवड्याचे तास १६८. नोकरीचे ४८, प्रवासाचे १०, झोपेचे ४९ वजा केले की ६१ उरतात. त्यातून आंघोळ-जेवण, मुलं, बाजारहाट, आजारपण, नातेवाईक गेले की खरे तास दहा-बारा. वीस धरून वेळापत्रक केलंत तर तिसऱ्या आठवड्यात ते मोडेल आणि दोष स्वतःच्या बुद्धीला लावाल. जाहिरातीत ‘१२ आठवडे, पूर्णवेळ’ लिहिलेलं असतं. आठवड्याला ४० तास धरले तर ते ४८० तास झाले. दहा तासांच्या हिशेबाने ४८ आठवडे, त्यावर आजारपण आणि परीक्षांचा पाव भाग, म्हणजे ६० आठवडे. जवळपास सव्वा वर्ष. हा आकडा घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. सहा महिने सांगून सव्वा वर्ष लावलंत तर सातव्या महिन्यापासून घरातला पाठिंबा आटायला लागतो, आणि ते त्यांचं चुकत नाही.

घरच्यांशी बोलणं म्हणजे ‘मी शिकतोय, सांभाळून घ्या’ असं मोघम सांगणं नव्हे. कोणत्या दिवशी किती ते किती बसणार, त्या वेळात दारावरची बेल, मुलांचा गृहपाठ, आईचं औषध कोण बघणार, हे नावानिशी लिहून भिंतीवर लावा. त्या बदल्यात आठवड्यातला एक अर्धा दिवस लॅपटॉप बंद, आणि तो दिवस पुढे ढकलायचा नाही. मूल आजारी पडलं तर त्या दिवशीचा अभ्यास रद्द, भरपाई नाही. रात्री दोनपर्यंत बसून भरपाई केली की पुढचे तीन दिवस जातात. आणि मधल्या महिन्यांच्या पैशांचा आकडा जोडीदाराला माहीत हवा. ‘पैशांचं मी बघतो’ म्हणून एकट्याने डोक्यात ठेवलेला आकडा पहिल्या अडचणीत वितळतो.

क्षेत्र निवडताना लोकांचं ऐकू नका, जाहिराती वाचा. तुम्ही खरोखर जाऊ शकाल अशा ठिकाणच्या, अनुभव कमी मागणाऱ्या तीसएक नोकऱ्यांच्या जाहिराती उघडा आणि एका तक्त्यात प्रत्येकीने मागितलेली कौशल्यं टाका. निम्म्याहून जास्त जाहिरातींत येतं ते शिकायचं, बाकीचं नंतर. तीसऐवजी सातच जाहिराती सापडल्या तर तेही उत्तरच आहे: ते क्षेत्र तुमच्यासाठी आत्ता नाही. जुना अनुभव फेकून देऊ नका. हिशेब पाहणाऱ्याने एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि अहवाल बनवणं शिकलं, गोदाम सांभाळणारा साठ्याच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टकडे वळला, शिक्षकाने सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना प्रशिक्षण देणं धरलं, तर मुलाखतीत विशीतल्या मुलांशी सामना बरोबरीचा होत नाही, तुमच्या बाजूने झुकतो. सपोर्टच्या कामात बरेचदा रात्रपाळी असते. लहान मूल घरात असेल तर हे आधी विचारा.

यंत्राबद्दल थोडक्यात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) ही किमान पायरी, व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) किंवा डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालवायचं असेल तर १६ जीबी. कार्यालयात वापरलेला जुना लॅपटॉप चालतो, फक्त बॅटरी किती उरली आहे आणि रॅम वाढवता येते का ते बघून घ्या. काही मॉडेलांत ती बोर्डालाच जोडलेली असते. मुलं तोच लॅपटॉप वापरणार असतील तर त्यांचं खातं वेगळं.

कोर्स घेण्याआधी फुकट असलेलं महिनाभर करून बघा. हार्वर्डचं सीएस५० (प्रोग्रामिंगची ओळख करून देणारा कोर्स) आणि फ्रीकोडकँप (वेब प्रोग्रामिंग शिकवणारी वेबसाइट) दोन्ही फुकट शिकता येतात. महिन्यात चाळीस तास बसवता आले नाहीत, तर मोठी फी भरून ते बसणार नाहीत. कोर्स जुना आहे का ते बघा: पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या धड्यात प्रिंट या आज्ञेपुढे कंस नसेल तर तो जुन्या पायथन २ चा आहे, आणि त्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. प्रमाणपत्रांना मुदत असते. कॉम्पटियाच्या ए प्लस या सपोर्टच्या पायाभूत प्रमाणपत्राला दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि ते तीन वर्षं चालतं. सिस्कोचं नेटवर्किंगचं सीसीएनएही तीन वर्षंच. अभ्यास अर्धा असताना प्रमाणपत्र घेऊन ठेवलंत तर मुदत घरी बसूनच खर्च होते. जाहिरातींच्या तक्त्यात ज्याचं नाव नाही, ते प्रमाणपत्र घेऊच नका.

‘नोकरीची हमी’ असं लिहिलेल्या कोर्सचा करार पूर्ण वाचा. आठवड्याला किती अर्ज करायचे, कोणत्याही शहरात जायची तयारी, आलेली पहिली ऑफर नाकारता येणार नाही, पूर्ण वेळ उपलब्ध असणं, अशा अटी बारीक अक्षरात असतात. कुटुंब असलेला माणूस त्यातली एखादी मोडतोच आणि हमी संपते. पगारातून टक्केवारी कापून घेणारा करार असेल तर कापणी किती पगारापासून सुरू होते, किती महिने चालते आणि एकूण कमाल किती, हे तीन आकडे लेखी घ्या. आणि ती कापणी वरच्या हिशेबातल्या कमी पगाराच्या वर्षात धरा, कारण ती नेमकी त्याच वर्षी सुरू होते. फी भरून मधल्या महिन्यांचं खातं रिकामं होत असेल तर कोर्स पुढे ढकला. कोर्सची पुढची तुकडी येते, थकलेला हप्ता थांबत नाही.

शिकण्याची पद्धत. दीड तासाच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं ‘काल कुठे होतो’ यातच जातात. ती वाचवायची तर उठण्याआधी फाइलच्या वर एक कॉमेंट (प्रोग्राम चालताना दुर्लक्षिली जाणारी टीप) लिहा: ‘उद्या इथून: तारीख रिकामी आली की फंक्शन फुटतं, ते आधी पकड.’ चाचणी (आपला कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) लिहिता येत असेल तर एक नापास होणारी चाचणी मुद्दाम सोडून उठा. उद्या ती चालवली की काम समोरच येतं. एक तास व्हिडिओ बघितलात तर दोन तास रिकाम्या फाइलपासून स्वतः लिहा, बघून बघून नव्हे. अडलात तर अर्धा तास स्वतः झगडा, एरर मेसेज शेवटच्या ओळीपासून वाचा, मग एआयला विचारा. आलेलं उत्तर चिकटवू नका. खिडकी बंद करून पुन्हा लिहून बघा. लिहिता आलं नाही तर ते कळलेलं नाही, आणि मुलाखतीत तेच उघडं पडतं. रोजचं काम गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) नोंदवून गिटहबवर, म्हणजे ती नोंद इंटरनेटवर ठेवणाऱ्या जागी, चढवूनच उठायचं. लॅपटॉपवर पाणी सांडलं तर एका संध्याकाळचं जाईल, वर्षाचं जाणार नाही.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या मशीनवर, सराव करताना दोन सापळे. चालू सोडलेलं मशीन बिल वाढवत राहतं. पहिल्याच दिवशी खर्चाची सूचना लावा आणि बैठक संपली की मशीन नुसतं बंद नको, काढून टाका, कारण बंद मशीनच्या डिस्कचेही पैसे लागू शकतात. दुसरा, गुप्त की (सेवा वापरायला दिलेली पासवर्डसारखी किल्ली) कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकणं. पुढच्या कमिटमध्ये (गिटमधल्या नोंदीत) पुसली तरी जुन्या इतिहासात ती राहते. चुकून गेलीच तर की ताबडतोब रद्द करून नवी घ्या, पुसण्यात वेळ घालवू नका.

दाखवायला दोन प्रकल्प पुरतात, पण पूर्ण झालेले. तुमच्या जुन्या क्षेत्रातली खरी अडचण सोडवणारा एक असलाच पाहिजे. कामाच्या याद्या ठेवणारं अ‍ॅप सगळेच दाखवतात. रीडमीमध्ये (प्रकल्पाची माहिती देणारी फाइल) हे काय करतं, कसं चालवायचं, एक स्क्रीनशॉट. मग दुसऱ्याच्या मशीनवर रिकाम्या फोल्डरात प्रकल्प क्लोन करून (गिटहबवरून उतरवून) फक्त रीडमी वाचून चालवून बघा. बहुधा पहिल्या खेपेला चालणार नाही: लायब्ररींची (वापरलेल्या तयार कोडची) यादी टाकायची राहिलेली असते, नाहीतर सेटिंगची फाइल तुमच्याच लॅपटॉपवर असते. जुन्या कंपनीचा खरा डेटा मात्र कधीही वापरू नका.

अर्ज अभ्यास संपायची वाट न बघता सत्तर टक्क्यांवर सुरू करा. शोधाचे महिने अभ्यासाच्या महिन्यांत जितके मिसळतील तितकं मधल्या पैशांवरचं ओझं कमी. मुलाखती कामाच्या वेळेत होतात आणि एका जागी तीन-चार फेऱ्या असतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीपासून भरपगारी रजा वाचवा, दहा तरी. किती अर्ज, किती उत्तरं, कुठल्या फेरीत गळती, हे तक्त्यात. उत्तरंच येत नसतील तर रिझ्युमे बदला, पहिल्या तांत्रिक फेरीत गळत असाल तर तेवढाच भाग पुन्हा करा, नवा कोर्स घेऊ नका.

रिझ्युमे एक पानी, फार तर दोन. नवी कौशल्यं वर, जुना अनुभव आकड्यांसह खाली.

ऑफर लेखी हातात येईपर्यंत राजीनामा नाही. नोटीस पिरियड किती, अर्धवट सोडला तर किती कापतात, नव्या ठिकाणी पगार कोणत्या तारखेला, प्रोबेशन किती महिन्यांचं, आरोग्यविमा कधीपासून: रुजू व्हायच्या आधी विचारा, आणि रुजू व्हायची तारीख शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली मागा.

प्रोबेशन संपेपर्यंत मधल्या पैशांचं उरलेलं खातं तसंच राहू द्या. त्यातून फक्त कमी पगाराची ठरलेली तूट दर महिन्याला काढायची, नवा फोन नाही, सहल नाही. जुन्या ठिकाणचा अनुभवदाखला, कार्यमुक्तीचं पत्र आणि पगारपत्रकं कंपनीचं लॉगिन बंद व्हायच्या आधी उतरवून घ्या.