कृष्णविवराशेजारी ग्रहाचे काय होईल, हे स्वतः गणित करून कसे काढावे

कृष्णविवर आजूबाजूचे सगळे ग्रह ओढून गिळते, ही समजूत इतकी पक्की आहे की गणिताला बसण्यापूर्वी ती मुद्दाम बाजूला सारावी लागते. मोरीच्या जाळीकडे पाणी ओढले जावे तसे कृष्णविवराकडे काहीही ओढले जात नाही. दूरच्या ग्रहाच्या दृष्टीने मध्यभागी किती वस्तुमान आहे आणि ते किती अंतरावर आहे, एवढ्या दोनच गोष्टींना महत्त्व असते. ते वस्तुमान ताऱ्याच्या रूपात आहे की कृष्णविवराच्या, याने त्याच्या कक्षेत फरक पडत नाही. त्यामुळे वर्गमूळ आणि घनमूळ काढून देणारा मोबाइलमधला कॅल्क्युलेटर जवळ असला, तर या विषयातले बहुतेक प्रश्न घरबसल्या सोडवता येतात.

सुरुवातीला एकके ठरवून घ्यावीत. अंतर खगोलीय एककात (पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर, सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर), वस्तुमान सूर्याच्या पटीत आणि काळ वर्षांत घेतला की केप्लरचा तिसरा नियम अगदी सुटसुटीत होतो: काळाचा वर्ग = अंतराचा घन ÷ वस्तुमान. आता सूर्याच्या जागी नेमके तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवून पाहावे. त्याच्या घटना क्षितिजाची (ज्या सीमेच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही, तिची) त्रिज्या सुमारे २.९५ किलोमीटर भरेल, म्हणजे अख्खे कृष्णविवर एखाद्या लहान गावाच्या शिवारात मावेल. परंतु सूत्रात वस्तुमान १ आणि अंतर १ हेच राहिल्यामुळे पृथ्वीचे वर्ष ३६५ दिवसांचेच राहील. आठ मिनिटे वीस सेकंदांनी अंधार होईल आणि पुढे सारे गोठेल हे खरे, पण तो दोष प्रकाश गेल्याचा आहे, गुरुत्वाकर्षणाचा नाही.

खरा बदल वस्तुमान बदलल्यावर होतो, म्हणून दुसरे उदाहरण दहा सौरवस्तुमानांच्या कृष्णविवराचे घ्यावे. येथे पुष्कळ जण एक गफलत करतात: केप्लरच्या सूत्रात १० हा आकडा घालून वर्ष सुमारे ११५ दिवसांचे होईल असे उत्तर काढतात आणि थांबतात. ते उत्तर मुळापासूनच त्या कृष्णविवराभोवती वर्तुळाकार फिरत असलेल्या ग्रहाला लागू पडते. आपली पृथ्वी मात्र सेकंदाला २९.८ किलोमीटर वेगाने चालली आहे, आणि त्या अंतरावर दहापट वस्तुमानाभोवती वर्तुळात राहण्यासाठी सुमारे ९४ किलोमीटर वेग लागतो. वेग अपुरा असल्यामुळे ती आतल्या बाजूस झुकेल व लांबट लंबवर्तुळात फिरू लागेल. मध्यवर्ती वस्तुमान अचानक ‘न’ पट झाले (न हा पटीचा आकडा), तर मूळच्या वर्तुळाकार कक्षेतील ग्रहाच्या नव्या कक्षेचे दुसरे टोक जुने अंतर ÷ (२न − १) इतक्या अंतरावर येते. न = १० घातल्यास छेद १९ येतो. म्हणजे पृथ्वी कृष्णविवरापासून सुमारे ७८.७ लाख किलोमीटरपर्यंत आत जाईल, तेथे तिचा वेग सेकंदाला ५६६ किलोमीटरच्या आसपास पोहोचेल, आणि ती पुन्हा जुन्या अंतरापर्यंत बाहेर फेकली जाईल. ही एक फेरी ४४ दिवसांची. पृथ्वी गिळली जाणार नाही, कारण घटना क्षितिज अवघ्या साडेएकोणतीस किलोमीटरवर आहे.

हेच सूत्र उलट्या दिशेनेही वापरावे, कारण ताऱ्याचे कृष्णविवर होताना पुष्कळदा त्याचे वस्तुमान घटते. न = ०.७५ घेतल्यास ग्रह दुप्पट अंतरापर्यंत बाहेर जातो, आणि न = ०.५ झाला की छेद शून्य होतो: ताऱ्याने निम्मे वस्तुमान एका झटक्यात गमावले, तर वर्तुळाकार कक्षेतला ग्रह कायमचा सुटून जातो. माझ्या मते कृष्णविवर जन्माला येताना ग्रहांना खरा धोका ओढले जाण्याचा नसून निसटून जाण्याचा असतो.

कक्षा मिळाली की भरतीबलाकडे, म्हणजे ग्रहाच्या जवळच्या व दूरच्या बाजूंवरील ओढीतल्या फरकाकडे वळावे. हे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून जवळच्या टोकाचे अंतर अचूक हवे. वरील उदाहरणात सूर्याच्या तुलनेत ते १० × १९ × १९ × १९, म्हणजे सुमारे ६८,६०० पट होते. सूर्याचे भरतीबल चंद्राच्या निम्म्याहून किंचित कमी असल्याने, पृथ्वीवर आज चंद्र जे करतो त्याच्या सुमारे ३१ हजार पट ताण त्या बिंदूपाशी पडेल. समुद्राचे काय होईल हे सांगायला नको. पण खडकही दर फेरीला ताणला आणि सोडला जाईल, व त्या घर्षणाने ग्रहाचे अंतरंग तापेल. गुरूच्या आयो या उपग्रहावरील ज्वालामुखी याच कारणाने पेटलेले आहेत, आणि तेथील ताणातला चढउतार याच्यापुढे किरकोळ आहे.

उपग्रह टिकेल की नाही, हे हिल त्रिज्येवरून (ग्रह ज्या अंतरापर्यंत उपग्रह धरून ठेवू शकतो, त्यावरून) ठरते. ग्रहाचे वस्तुमान भागिले कृष्णविवराच्या वस्तुमानाची तिप्पट, याचे घनमूळ काढून त्याला अंतराने गुणावे. सूर्य पृथ्वीच्या ३ लाख ३३ हजार पट जड आहे, म्हणून दहा सौरवस्तुमानांसाठी ही गुणाकाराची संख्या जवळपास २१५ ने भागण्याइतकी येते. जवळच्या टोकाशी पृथ्वीची हिल त्रिज्या सुमारे ३६,५०० किलोमीटर उरते. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, त्यामुळे तो पहिल्याच फेरीत हातचा जातो. पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२,००० किलोमीटरवर फिरणारे दूरचित्रवाणीचे भूस्थिर उपग्रहही या सीमेबाहेर पडतात. व्यवहारात हिल त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचाच भाग दीर्घकाळ सुरक्षित धरावा.

ग्रह स्वतः फुटेल का, हे रोश मर्यादेवरून (ज्या अंतराच्या आत भरतीबल ग्रहाला फोडते, त्यावरून) कळते: ग्रहाची त्रिज्या × २.४४ × (कृष्णविवराचे वस्तुमान ÷ ग्रहाचे वस्तुमान) या कंसाचे घनमूळ. पृथ्वीसाठी, दहा सौरवस्तुमानांपाशी, हे अंतर सुमारे २३ लाख किलोमीटर येते. आपली पृथ्वी ७८.७ लाखांवरच वळत असल्याने ती अखंड राहील. येथे एक गोष्ट विसरू नये: रोश मर्यादा वस्तुमानाच्या घनमुळाप्रमाणे वाढते, तर घटना क्षितिज थेट वस्तुमानाच्या प्रमाणात. साहजिकच लहान कृष्णविवरे ग्रहासाठी अधिक क्रूर ठरतात. आकाशगंगेच्या केंद्रातील सॅजिटेरियस ए-तारा हे कृष्णविवर सुमारे ४३ लाख सौरवस्तुमानांचे आहे. त्याचे क्षितिज सुमारे १.२७ कोटी किलोमीटरवर आणि पृथ्वीची रोश मर्यादा साधारण १७.५ कोटींवर, म्हणजे ग्रह क्षितिजाच्या खूप आधीच विस्कटेल. उलट एम-८७ दीर्घिकेतील सुमारे ६५० कोटी सौरवस्तुमानांच्या कृष्णविवरात रोश मर्यादा क्षितिजाच्या आत पडते, आणि पृथ्वी सबंधच्या सबंध आत जाईल. दोन्ही अंतरे समान येण्याचे वस्तुमान या साध्या हिशेबाने सुमारे २२ कोटी निघते.

एखादे भटके कृष्णविवर केवळ जवळून गेले, तर त्याचे भरतीबल आणि सूर्याची ग्रहावरील ओढ यांचे गुणोत्तर पाहावे: २ × वस्तुमान × (ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर ÷ कृष्णविवराचे अंतर) या कंसाचा घन. दहा सौरवस्तुमाने १०० एककांवरून गेली, तर नेपच्यूनसाठी (३० एकके) उत्तर ०.५४ येते, म्हणजे त्याची कक्षा पार विस्कळीत होईल. पृथ्वीसाठी ते एक लाखात दोन एवढेच.

कालगतीचा, म्हणजे कृष्णविवराजवळ काळ मंद चालण्याचा भाग सर्वांना आवडतो, पण तो शेवटीच हाताळावा, कारण ग्रहांच्या अंतरावर तो नगण्य असतो. वर्तुळाकार कक्षेतील घड्याळ १ − (१.५ × क्षितिजाची त्रिज्या ÷ अंतर) याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मंदावते. सूर्याएवढ्या कृष्णविवरापाशी पृथ्वीचे घड्याळ खूप दूरच्या घड्याळाच्या तुलनेत वर्षाला अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी मागे पडेल, आणि सूर्यामुळे आजही ते तेवढेच मागे पडते. अंतर क्षितिजाच्या शंभरपटीपेक्षा कमी झाले की मगच न्यूटनच्या सूत्रांवरचा भरवसा सैल करावा. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती तिप्पट अंतराच्या आत तर स्थिर वर्तुळाकार कक्षाच उरत नाही.

कृष्णविवराभोवती फिरणारा ग्रह अद्याप निश्चितपणे सापडलेला नाही; त्यामुळे सरावासाठी २०२२ मध्ये जाहीर झालेले, सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवरील गाया बीएच-१ हे कृष्णविवर व तारा यांचे जोडपे घ्यावे. कृष्णविवर ९.६२ सौरवस्तुमानांचे, जोडीदार तारा ०.९३ चा आणि फेरी १८५.६ दिवसांची. दोन्ही वस्तुमानांची बेरीज करून केप्लरचे सूत्र लावल्यास अंतर १.४ एकके येते, जे निरीक्षणाशी जुळते. कक्षा ०.४५ इतकी विकेंद्री (वर्तुळापेक्षा लांबट; वर्तुळासाठी हा आकडा ०) असल्याने तारा ०.७७ एककापर्यंत जवळ येतो. त्या ठिकाणी ताऱ्याची हिल त्रिज्या काढली तर ती जेमतेम पाव एकक भरते. त्या ताऱ्याभोवती ग्रह असलाच, तर तो ०.१ एककाच्या आसपास किंवा त्याहून आत असला पाहिजे. आपला बुध तेथे, ०.३९ वर, फार काळ सुरक्षित नसता.