पिल्लांसाठी घरच्या घरी उबारा

कोंबडीची पिल्लं आणायच्या आदल्या दिवशीच उबारा, म्हणजे त्यांना बल्बच्या उबेत ठेवायचं खोकं, तयार ठेवा. माझ्या पहिल्या खेपेला रात्री बल्ब गेला, पिल्लं खोक्याच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि सकाळी खालची तीन गुदमरून मेलेली होती. तेव्हापासून मी कोपरे ठेवतच नाही. पुठ्ठ्याची दीड फूट उंच पट्टी गोल वळवून आतून लावते, आणि बल्ब एकाऐवजी दोन.

खाली दोन इंच लाकडाच्या ढलप्या पसरा. बारीक भुसा नको, पिल्लं तो खातात. नुसता वर्तमानपत्राचा कागदही नको. त्यावर पाय घसरून फाकतात.

बल्ब मधोमध न टांगता एका बाजूला टांगा, म्हणजे गरम झालं की पिल्लांना सरकायला जागा राहते. वायरवर भरवसा ठेवू नका, साखळीने बांधा. ढलप्यांवर पडला तर आग लागेल. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस हवं, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटर ठेवाच, पण खरं पिल्लंच सांगतात. बल्बखाली घोळका करून चिवचिवाट चालला असेल तर थंडी वाजतेय, चोची उघड्या टाकून कडेला पळाली तर उष्णता जास्त. सगळीकडे विखरून निवांत बसली, की मीही झोपायला जाते.

पाण्याचं भांडं उथळ घ्या, त्यात गोट्या टाका. आल्याआल्या प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा.