‘म्हणून’ नंतरचं वाक्य झाका, मग मुद्दा तपासा

“ऊस वाढला की बोअर आटतात. आपल्या गावचे बोअर आटले. म्हणून ऊसच वाढलाय.” पारावर असं कुणी बोललं की ऊसवाला ‘खोटं’ म्हणतो, कोरडवाहूवाला ‘खरं’. निष्कर्ष आवडला की नाही, एवढंच दोघं सांगतात. मुद्दा तपासायचा राहूनच जातो.

कागद घ्या. कारणं एकेका ओळीत लिहा, ‘म्हणून’ नंतरचं वाक्य हाताने झाका. आता विषय बदलून तीच मांडणी बोला: मोटार जळली की पाणी येत नाही. आज पाणी आलं नाही. म्हणून मोटार जळली. इथे कुणीही सांगेल, लाइट गेली असेल, फूट व्हॉल्व्ह गळत असेल. उसाच्या मुद्द्यात भोक तेच आहे: पाऊस कमी झाला, शेजारी नवे बोअर पडले, तरी पाणी आटतं. यावरून ऊस निर्दोष ठरत नाही. एवढ्या कारणांवरून दोषी ठरत नाही, इतकंच. हाच फरक सगळ्यात जास्त निसटतो.

मग न बोललेलं कारण शोधा. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते उसामुळे, असं म्हणणारा एक गोष्ट गृहीत धरतो: उसाला दिलेलं पाणी वाचलं असतं तर ते शहराच्या नळापर्यंत पोचलं असतं. ते ओळ म्हणून लिहून काढा. तपासायचं तेच आहे, आणि त्यासाठी लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणात कधी किती पाणी होतं, कुठे गेलं, हे बघावं लागतं.

कारणं खरी की खोटी हे ठरवताना मात्र आधीची माहिती जरूर वापरा. उसाचं क्षेत्र पीकपाहणीत बघा. विहिरीची मेमधली पातळी मेशीच ताडा. ऑक्टोबरशी ताडली तर पावसाळ्याचाच फरक दिसेल.

पटलेल्या मुद्द्याला जास्त वेळ द्या. इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांच्या 1983 च्या प्रयोगात, मांडणी चुकीची असूनही निष्कर्ष पटण्याजोगा असला तर 71 टक्के वेळा तो मान्य झाला. न पटणारा असला तर फक्त 10 टक्के वेळा.

‘मी निःपक्ष राहीन’ असं ठरवून फारसा फरक पडत नाही. लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवलेला प्रश्न विचारा: हाच पुरावा उलट निकाल देत असता, तर मी त्याला इतकाच चांगला म्हटलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा.