वायफाय टॅबलेट जुनाच पत्ता दाखवत होता, तेव्हा

घर बदललं तरी आमचा टॅबलेट नकाशावर जुन्याच घरी दिसायचा. रीस्टार्ट केला, लोकेशन बंद-चालू केलं, फरक शून्य. खरं कारण राउटरमध्ये होतं.

सिमची सोय नसलेल्या बऱ्याच टॅबलेटमध्ये जीपीएस चिपच नसते. विकत घेताना हे कुणी सांगत नाही, सांगायला हवं. असा टॅबलेट आसपासच्या राउटरचे मॅक क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा ओळख क्रमांक, टिपतो आणि इंटरनेटवरच्या नोंदींशी ताडून जागा ठरवतो. आमचा राउटर नव्या घरी आला, त्याची नोंद मात्र जुन्या घरीच राहिली. शेजारपाजारचे राउटर दिसत असतील तर चूक पकडली जाते. इथे आमचा एकटाच होता.

मग राउटरशेजारी जीपीएसवाला फोन 'लोकेशन अचूकता' चालू करून वापरत राहिलो. असा फोन राउटर कुठे आहे ते कळवतो, त्यामुळे काही दिवसांनी नोंद सुधारली आणि टॅबलेट योग्य जागी आला. दुसरा उपाय म्हणजे वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि इंग्रजी अक्षरांत 'नोमॅप' जोडा. गूगल असा राउटर जागा ठरवायला धरत नाही. पण मग जवळ दुसरा राउटर हवा.

प्रवासात मात्र यातलं काही चालत नाही. तिथे ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हरच जोडावा.