रिमोट डेस्कटॉप ॲप विकत घेताय? या चुका टाळा

रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्या मशीनवर बघणं आणि तो इथून चालवणं. त्याला दोन टोकं असतात: हातातलं मशीन आणि दूरचं मशीन. ॲप स्टोअरमध्ये बहुतेक वेळा हातातल्या टोकाचं ॲप विकलं जातं, आणि घोळ निघतो तो दूरच्या टोकाला. म्हणून पैसे भरण्याआधी दूरचं मशीन तपासा.

ते विंडोज असेल तर सेटिंग्ज → सिस्टम → अबाउटमध्ये एडिशन बघा. विंडोज होमवरून दुसऱ्या पीसीला जोडता येतं, पण होमवाल्या पीसीला बाहेरून कोणी विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडू शकत नाही. त्यासाठी प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन लागतं. आयपॅडवर कितीही महागडं आरडीपी (विंडोजच्या याच रिमोट डेस्कटॉपची जोडणीपद्धत) ॲप घेतलं तरी समोर होम असेल तर उपयोग शून्य. मग एक तर प्रोचं अपग्रेड घ्या, नाही तर स्वतःचं होस्ट ॲप, म्हणजे दूरच्या मशीनवर बसवायचं ॲप, देणारं सॉफ्टवेअर निवडा.

हे होस्ट ॲप स्टोअरमध्ये शोधत बसू नका. मॅक ॲप स्टोअरमधल्या ॲपना जून २०१२ पासून सँडबॉक्सची, म्हणजे आखून दिलेल्या कुंपणातच चालण्याची, सक्ती आहे. लॉगिन स्क्रीनच्याही आधी सुरू होणारी सेवा अशा ॲपला बसवता येत नाही, म्हणून होस्ट कंपनीच्या साइटवरूनच घ्यावं लागतं. उदाहरणार्थ, जम्प डेस्कटॉप या रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअरचं मॅकवरचं ॲप स्टोअरमध्ये मिळतं, पण दूरच्या मशीनवरचं जम्प डेस्कटॉप कनेक्ट मात्र साइटवरून उतरवायचं.

फुकटची गोष्ट विकत घेणं ही तर नेहमीची चूक. मायक्रोसॉफ्टचं मॅक आणि आयफोनवरचं रिमोट डेस्कटॉप ॲप २०२४ मध्ये ‘विंडोज ॲप’ झालं. जुन्या नावाने शोधणाऱ्याला मिळत्याजुळत्या नावांची, आठवड्याला पैसे कापणारी ॲप दिसतात. नावाखाली डेव्हलपर कोण आहे ते वाचा. विंडोजवरून विंडोजला जोडायचं असेल तर ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ आधीपासून आत आहेच.

स्टोअर की थेट? घरगुती वापर, एकच माणूस, सगळी उपकरणं एकाच ॲपल खात्यावर, तर स्टोअर सोयीचं. परतावा ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावरून मागता येतो. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत मागितलेला बरा. पण आयफोनचं ॲप घेतलं म्हणजे मॅकचं मिळालंच असं नाही. ॲपच्या पानावर ‘कंपॅटिबिलिटी’त दोन्ही नावं आहेत का ते बघा. साइटवरून घेतलेला परवाना सहसा स्टोअरच्या आवृत्तीत चालत नाही, आणि उलटही तेच.

धंद्यासाठी घेत असाल तर आमचा कौल थेट खरेदीला. स्टोअरमधून घेतलेलं ॲप त्या कर्मचाऱ्याच्या खात्याला चिकटतं. तो नोकरी सोडून गेला की ॲपही गेलं. जीएसटी क्रमांक घातलेलं बिल हवं असेल तरीही थेटच घ्या. मात्र परदेशी साइटवर कार्ड नाकारलं गेलं तर दोष साइटला देऊ नका. २०२० पासून नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळातच बंद असतात; बँकेच्या ॲपमधून ते चालू करावे लागतात. वार्षिक वर्गणी असेल तर रद्द करण्याची मुदतही वाचा. काही कंपन्यांना शेवटच्या दिवसाच्या कित्येक दिवस आधी कळवावं लागतं.

आता पैसे भरूनही चालत नाही, त्याबद्दल.

मॅकचं वॉलपेपर दिसतं, पण एकही खिडकी दिसत नाही: दूरच्या मॅकवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली नाही. चित्र दिसतं पण माउस हलत नाही: ॲक्सेसिबिलिटीची राहिली. परवानगी दिल्यावर होस्ट बंद करून पुन्हा उघडा. फाइलव्हॉल्ट (डिस्क कुलूपबंद ठेवणारी मॅकची सोय) चालू असलेला मॅक रीस्टार्ट केलात तर पासवर्ड टाकेपर्यंत होस्ट उठतच नाही, हे गावाला निघण्याआधी लक्षात ठेवा.

विंडोजवर परवानगीची निळी-पिवळी चौकट आली की पडदा काळा पडतो? होस्ट इन्स्टॉल न करता नुसतंच चालवलंय. ॲडमिन म्हणून, सेवा म्हणून बसवा.

पासवर्ड बरोबर असूनही आरडीपी नाकारतं: पिन चालत नाही, मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड लागतो. साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘फक्त विंडोज हॅलो’ची (पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशानेच लॉगिन) अट बंद करा आणि त्या पीसीवर एकदा पासवर्डने लॉगिन करा.

घरच्या वायफायवर चालतं, बाहेरून नाही: राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने त्याला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. आपल्याकडच्या अनेक घरगुती जोडण्या अशाच असतात, आणि तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून पीसीकडे वळवणं) कितीही केलं तरी व्यर्थ. कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडणारं ॲप किंवा व्हीपीएन (दोन्ही मशीनना जोडणारं खाजगी नेटवर्क) घ्या. सार्वजनिक आयपी असला तरी आरडीपी वापरतं ते ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. पासवर्ड ओळखत फिरणारे बॉट त्याचीच वाट बघत असतात.

थेट डाउनलोड करताना सर्च इंजिनमधल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका, पत्ता स्वतः टाइप करा. आणि ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत कोणी असं ॲप टाकायला सांगितलं, मग ते अधिकृत स्टोअरमधलं का असेना, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲनीडेस्क या रिमोट डेस्कटॉप ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ॲप खरंच होतं. पलीकडच्या माणसाला ॲपमध्ये दिसणारा नऊ आकडी कोड सांगितला की पुढचं सगळं त्याच्या हातात जायचं.